नायगाऱ्याला जाता जाता रॉचेस्टर : डग्लस कुटुंबाच्या गावात

न्यू जर्सीतल्या मराठी घरात देशातून आई-वडील आले की नायगारा ठरलेलाच असतो. पहाटे निघायचं, थर्मासमध्ये चहा, डब्यात पराठे, आणि संध्याकाळी धबधब्यावर. थोडी हौस असलेली मंडळी एखाद्या वीकएंडला हडसनकाठच्या पकिप्सीलाही जातात. डॉ. आनंदीबाई जोशींच्या अस्थी जिथे ठेवल्या आहेत त्या जागेला नमस्कार करून येतात. पण नायगाऱ्याच्या अलीकडे दीड तासावर, हायवेपासून जरासं आत, रॉचेस्टर नावाचं गाव आहे. तिथे कुणी गाडी वळवत नाही. आम्ही वळवली, मुक्कामच टाकला आणि नायगाऱ्यासाठी एक दुपार उरली. कुणाचीही तक्रार नव्हती. बाबांची तर नव्हतीच.

बाबांचं आधी सांगते, कारण पुढे ते सारखे मध्ये येणार आहेत. बाबा सांगलीच्या एका छापखान्यात जुळारी होते. छपाईचे खिळे, म्हणजे शिशाची सुटी अक्षरं, जुळवण्यात उभं आयुष्य गेलं. ऑफसेट आलं तेव्हा नोकरी राहिली, हातातलं काम मात्र गेलं. फ्रेडरिक डग्लस हे नाव त्यांना ठाऊक होतं ते गुलामगिरीतून पळालेला, पुढे मोठा वक्ता झालेला माणूस म्हणून. हा माणूस जवळजवळ सोळा वर्षं वर्तमानपत्रं-मासिकं काढत होता आणि त्याची पोरं खिळे जुळवायची, असं मी म्हटल्यावर ते म्हणाले, ‘मग नायगारा कुठे पळून जातोय?’

रॉचेस्टरमध्ये डग्लस १८४७ च्या अखेरीपासून १८७२ पर्यंत राहिले. आयुष्यात एवढा काळ ते दुसऱ्या कुठल्याच गावात राहिले नाहीत. गावाला याची जाण आहे. विमानतळाला त्यांचं नाव आहे, नदीवरच्या एका पुलाला त्यांचं आणि बायकांच्या मताधिकारासाठी लढलेल्या सुझन बी. अँथनीचं मिळून नाव आहे. २०१८ साली जन्माच्या द्विशताब्दीनिमित्त त्यांच्या आयुष्याशी जोडलेल्या जागांवर तेरा पुतळे बसवले. पण त्यांचं राहतं घर गावात उरलेलं नाही. जुन्या वाड्यातून फिरायचं, खाटा-टेबलं बघायची अशा तयारीने जाऊ नका. इथे पाट्या, पुतळे आणि कबरी आहेत, बाकीचं वाचून जावं लागतं. म्हणूनच हे जरा लांबण लावून लिहिते आहे.

सुरुवात गावाच्या मध्यावर करा. ईस्ट मेन स्ट्रीटवर २५ नंबरला टॅलमन बिल्डिंग म्हणून जुनी इमारत उभी आहे. डग्लसांच्या ‘द नॉर्थ स्टार’ या साप्ताहिकाचं ऑफिस इथे होतं. पहिला अंक ३ डिसेंबर १८४७ चा. वार्षिक वर्गणी दोन डॉलर, तीही आगाऊ. आत जाऊन बघण्यासारखं काही नाही, बाहेरची पाटी वाचायची आणि फुटपाथवर उभं राहायचं. आईने तर सरळ विचारलं, ‘एवढंच?’ तेव्हा मी तिला पायऱ्यांची गोष्ट सांगितली. डग्लसनीच आत्मचरित्रात लिहून ठेवली आहे. ते सकाळी लवकर ऑफिसला यायचे तेव्हा दक्षिणेतल्या गुलामगिरीतून पळून आलेली माणसं छापखान्याच्या पायऱ्यांवर बसलेली असायची. त्यांना घरी न्यायचं, खाऊ-पिऊ घालायचं, गाडीभाड्याचे पैसे गोळा करायचे आणि कॅनडाकडे रवाना करायचं. मग अंक.

या अंकाचा जमाखर्च कधीच जमला नाही. सुरुवातीचं भांडवल इंग्लंडमधल्या मित्रांनी जमवून दिलं होतं. त्याआधी त्यांनीच १८४६ साली दीडशे पौंड भरून डग्लसना जुन्या मालकाकडून कायद्याने मोकळं केलं होतं. भांडवल संपलं आणि डग्लसनी घर गहाण टाकलं. १८४९ मध्ये ज्युलिया ग्रिफिथ्स ही इंग्रज बाई रॉचेस्टरला आली. तिने हिशेबाच्या वह्या हातात घेतल्या, घरखर्च आणि पत्राचा खर्च वेगळा केला, देणग्या आणि मेळे उभे केले. पत्र तरलं ते पुष्कळसं तिच्यामुळे. गोऱ्या बाईने काळ्या संपादकाबरोबर हातात हात घालून रस्त्याने चालावं हे मात्र गावाच्या पचनी पडलं नाही, आणि घरातही त्यावरून कुजबुज झाली. १८५१ मध्ये गुलामगिरीविरोधी चळवळीतले धनिक पुढारी गेरिट स्मिथ यांच्या पत्रात ‘नॉर्थ स्टार’ मिळवून ‘फ्रेडरिक डग्लस पेपर’ निघालं. त्यानंतर मासिक, ते १८६३ पर्यंत चाललं.

घरची पोरं इथेच तयार झाली. लुईस आणि धाकटा फ्रेडरिक खिळे जुळवायला शिकले, चार्ल्स अंक वाटायचा. बाबा त्या पाटीसमोर उभे राहून हवेतच उजव्या हाताने खणातले खिळे उचलल्यासारखं करत होते. डाव्या हातात नसलेली स्टिक, म्हणजे ओळ जुळवायची पट्टी. दहा-बारा वर्षांच्या पोराला खिळ्यांच्या पेटीच्या (केसच्या) वरच्या खणांपर्यंत हात पुरत नाही, पायाखाली खोकं ठेवावं लागतं, हे त्यांनी स्वतःच्या पोरवयातलं सांगितलं. लुईसचं पुढचं मी त्यांना तिथेच सांगितलं. हा मुलगा यादवी युद्धात काळ्या सैनिकांच्या ५४व्या मॅसॅच्युसेट्स पलटणीत सार्जंट मेजर झाला, जुलै १८६३ मध्ये फोर्ट वॅग्नरच्या हल्ल्यात होता आणि जगला. युद्ध संपल्यावर वॉशिंग्टनला सरकारी छापखान्यात जुळाऱ्याची नोकरी मिळाली, तर गोऱ्या जुळाऱ्यांच्या युनियनने त्याला सभासद करून घ्यायचं नाकारलं. बाबा युनियनचे जुने कार्यकर्ते. त्यांनी काही वेळाने एवढंच विचारलं, ‘कुठलं साल?’ १८६९. ‘म्हणजे गुलामगिरी जाऊन चार वर्षं झाली होती.’

टॅलमन बिल्डिंगपासून पायी दोन-तीन मिनिटांवर कोरिंथियन स्ट्रीट आहे. इथल्या कोरिंथियन हॉलमध्ये ५ जुलै १८५२ रोजी डग्लसनी ते प्रसिद्ध भाषण केलं, गुलामाला तुमचा स्वातंत्र्यदिन काय कामाचा असं विचारणारं. हॉल कधीच पडला, आता तिथे पार्किंग आहे. बघायला जायची गरज नाही, पण गाडी तिथेच लावलीत तर आपोआप दर्शन घडेल.

आता दक्षिणेला चला. पहिलं घर अलेक्झांडर स्ट्रीटवर होतं, तेही गेलं. १८५२ च्या सुमारास डग्लस गावाबाहेर साउथ अव्हेन्यूवरच्या टेकाडावर राहायला गेले. त्या जागी आज सरकारी शाळा आहे, शाळा क्रमांक १२, आणि अलीकडे तिला नाव दिलं आहे ते डग्लसांच्या पहिल्या पत्नी अ‍ॅना मरी-डग्लस यांचं. मला या सगळ्या फेरीत सर्वांत आवडलेली पाटी हीच. कारण डग्लसांचे पुतळे पावलोपावली आहेत, पण त्यांचं घर आणि पर्यायाने त्यांचं वर्तमानपत्र ज्या बाईच्या जिवावर उभं होतं तिचं नाव घ्यायला गावाला दीडशेहून अधिक वर्षं लागली.

अ‍ॅनाबाई मेरीलंडच्या. आई-वडील गुलाम होते, पण हिच्या जन्माआधी थोडेच दिवस त्यांची सुटका झाली म्हणून ही जन्मतः मोकळी. बाल्टिमोरला घरकाम करायची. सप्टेंबर १८३८ मध्ये खलाशाचे कपडे घालून डग्लस पळाले तेव्हा गाडीभाड्याचे पैसे उभे करायला हिने आपली पिसांची गादी विकली, असं घरात सांगत असत. ३ सप्टेंबरला ते निघाले आणि १५ तारखेला न्यूयॉर्कमध्ये दोघांचं लग्न झालं. पुढे डग्लस दोन वर्षं इंग्लंड-आयर्लंडला गेले तेव्हा मॅसॅच्युसेट्समधल्या लिन गावात ही बाई चपला-बुटांचे वरचे भाग शिवून पोरं सांभाळत होती. रॉचेस्टरच्या घरात रात्री-अपरात्री दार वाजायचं. एका वेळी अकरा पळालेली माणसं घरात होती, असं डग्लसनी लिहिलं आहे. ते बहुतेक वेळा भाषणांच्या दौऱ्यावर असायचे, तेव्हा उठून दार उघडणारी, चूल पेटवणारी, अंथरुणं घालणारी कोण हे वेगळं सांगायला नको.

आणि या बाईला लिहिता-वाचता जवळजवळ येत नव्हतं. शिकवण्याचे प्रयत्न झाले, फार पुढे गेले नाहीत. नवरा ज्यातून जगाला हलवतो तो कागद तिच्या घरात दर आठवड्याला यायचा आणि तिला तो दुसऱ्याकडून ऐकावा लागायचा. मराठी माणसाच्या मनात इथे जोतीराव आणि सावित्रीबाई येणारच. आईच्या मनात तर लगेच आले: ‘आपल्याकडे त्यांनी आधी बायकोला शिकवलं.’ खरं आहे. ‘गुलामगिरी’ १८७३ साली निघालं तेव्हा जोतीरावांनी ते अमेरिकेत गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या सज्जनांना अर्पण केलं होतं. त्या अर्पणपत्रिकेत नाव कुणाचंच नाही, पण डग्लस त्या मंडळींतलेच. तरीही ही तुलना मला फार ताणवत नाही. अ‍ॅनाबाईंना पाच मुलं होती, नवरा वर्षातले कित्येक महिने बाहेर, घर म्हणजे पळून आलेल्यांची धर्मशाळा. शिवाय घरी मुक्कामाला येणाऱ्या शिकल्यासवरल्या गोऱ्या बायका त्यांच्याबद्दल पत्रांतून काय लिहीत होत्या ते वाचलं की चिडच येते. ऑटिली असिंग ही जर्मन पत्रकार वर्षानुवर्षं उन्हाळ्यात येऊन राहायची, खायची त्यांच्याच हातचं आणि त्यांनाच अडाणी ठरवायची.

थोरली मुलगी रोझेटा मात्र बापासाठी लिहून घ्यायची, पत्रव्यवहार बघायची. तिच्या शाळेची गोष्ट माहीत असावी. १८४८ साली नऊ वर्षांच्या रोझेटाला गावातल्या एका खाजगी मुलींच्या शाळेत प्रवेश दिला, फी घेतली आणि वेगळ्या खोलीत एकटीला बसवलं. डग्लसनी जाब विचारल्यावर बाईंनी वर्गातल्या मुलींना विचारलं, हिला शेजारी बसवून घ्याल का? सगळ्या हो म्हणाल्या, माझ्याजवळ बसू दे म्हणाल्या. मग पालकांना विचारलं. एकाच पालकाने नाही म्हटलं, तोही दुसऱ्या वर्तमानपत्राचा संपादक. तेवढ्यावर पोरीला काढलं. डग्लसनी त्या संपादकाला नाव घेऊन खुलं पत्र लिहिलं आणि आपल्या पत्रात छापलं. गावातल्या सरकारी शाळा सर्व मुलांना एकत्र खुल्या व्हायला १८५७ उजाडलं. आमच्या आईने चाळीसेक वर्षं प्राथमिक शाळेत शिकवलं. तिने ही गोष्ट मला दोनदा सांगायला लावली, दुसऱ्यांदा मोबाइलवर रेकॉर्ड करून घेतली.

साउथ अव्हेन्यूचं घर २ जून १८७२ च्या रात्री जळलं. डग्लस तेव्हा वॉशिंग्टनला होते, घरात रोझेटा आणि तिचं कुटुंब होतं. माणसं वाचली. कुणीतरी मुद्दाम लावलेली आग असावी अशी डग्लसांची शंका होती. या आगीत ‘नॉर्थ स्टार’पासूनच्या पत्राच्या बारा बांधीव फायली जळाल्या, सगळे अंक सलग असलेला त्यांच्याजवळचा तेवढाच संच. आज संशोधकांना मिळतात ते इकडून तिकडून जमवलेले अंक. छापखान्यात माणूस सगळं फेकतो पण फाईल कॉपीला हात लावत नाही, असं बाबा म्हणाले आणि शाळेच्या कुंपणाशी बराच वेळ रेंगाळले. शाळा चालू असताना आवारात शिरू नका. बाहेरच्या फुटपाथवरून सगळं दिसतं. अंक वाचायचेच असतील तर लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या संकेतस्थळावर पुष्कळ अंक फुकट आहेत. जाण्याआधी एखादा अंक मोठ्या पडद्यावर उघडून बघा, जाहिरातींसकट.

शाळेपासून पुढचा सगळा भाग पायी करण्यासारखा आहे, आणि माझा आग्रह आहे की तो पायीच करावा. साउथ अव्हेन्यूवरून हायलंड पार्कच्या कडेने रॉबिन्सन ड्राइव्हच्या कोपऱ्यावर आलात की डग्लसांचा मूळ ब्राँझचा पुतळा दिसतो. जून १८९९ मध्ये तो रेल्वे स्टेशनजवळ बसवला, तेव्हाचे गव्हर्नर थिओडोर रूझवेल्ट हजर होते. १९४१ साली तो हायलंड पार्कात आणला आणि २०१९ मध्ये आत्ताच्या चौकात, रस्त्यावरून दिसेल असा. शिल्पकार सिडनी एडवर्ड्स यांच्यासमोर उभं राहायला डग्लस नव्हते, ते १८९५ मध्ये वारले होते. त्यांच्या जागी मुलगा चार्ल्स उभा राहिला. आणि २०१८ च्या तेरा पुतळ्यांचे हात हे डग्लसांच्या आजच्या वंशजाचे, केनेथ मॉरिस यांच्या हातांवरून घेतलेले आहेत. त्यामुळे यांतला कुठलाही पुतळा बघितलात तरी काही ना काही घरच्या माणसाचंच आहे. मुलं बरोबर असतील तर हे त्यांना सांगा, पुतळ्याचे हात शोधत पुढचा पुतळा गाठतात.

रॉबिन्सन ड्राइव्ह संपतो तिथे समोरच माउंट होप दफनभूमीचं उत्तरेचं फाटक आहे. ही १८३८ मध्ये सुरू झालेली, सुमारे दोनशे एकरांची जागा आहे, चढउतार आणि दगडी वाटांची. डग्लसांची कबर टी विभागात आहे, फाटकावर नकाशा मिळतो आणि आत बाण आहेत. ज्येष्ठांना चालवू नका, गाडी आत नेता येते. आम्ही बाबांच्या गुडघ्यांसाठी तेच केलं. अंधार पडायच्या आत बाहेर पडा. उन्हाळ्यात स्वयंसेवकांच्या मार्गदर्शित फेऱ्या असतात, त्यांचं वेळापत्रक आधी बघून ठेवा.

कबर म्हणजे जमिनीसरशी आडवी मोठी शिळा. वर लोकांनी ठेवलेली नाणी, खडे, एक निळं बॉलपेन. जवळच अ‍ॅनाबाई आणि दुसरी पत्नी हेलन पिट्स. अ‍ॅनाबाई ऑगस्ट १८८२ मध्ये गेल्या. जानेवारी १८८४ मध्ये डग्लसनी हेलनशी लग्न केलं. ती गोरी, वीसेक वर्षांनी लहान, रॉचेस्टरच्या दक्षिणेला असलेल्या हनीऑय गावची. तिचे वडील गुलामगिरीविरोधी चळवळीतले, डग्लसांचे जुने चाहते, पण लेकीने काळ्या माणसाशी लग्न केल्यावर त्यांनी दार लावून घेतलं. डग्लसांच्या मुलांनाही हे रुचलं नाही. आता तिघंही एका ठिकाणी आहेत.

याच दफनभूमीत अ‍ॅनी आहे, सर्वांत धाकटी. तिची गोष्ट सांगायची तर नदीवर जावं लागेल. गावाच्या उत्तरेला मेपलवुड पार्कच्या खाली जेनेसी नदीवर केल्सीज लँडिंग नावाचा जुना धक्का होता. पळून आलेल्यांना बोटीने ऑन्टारिओ सरोवरापलीकडे कॅनडात पोचवण्याची ही वाट. १८५८ च्या सुरुवातीला गुलामगिरीविरुद्ध शस्त्र उचलणारे जॉन ब्राउन डग्लसांकडे काही आठवडे राहिले होते, पोरांना त्यांचा लळा लागला होता. पुढच्या वर्षी ऑक्टोबरात त्यांनी हार्पर्स फेरीच्या शस्त्रागारावर हल्ला केला, पकडले गेले आणि डग्लसांच्या नावानेही वॉरंट सुटलं. डग्लसनी रॉचेस्टरच्या तारमास्तरला तार केली, की लुईसला सांगा, माझ्या उंच डेस्कातले महत्त्वाचे कागद सुरक्षित ठेव. लुईस एकोणीस वर्षांचा. त्याने कुलूप तोडून कागद हलवले. डग्लस कॅनडामार्गे इंग्लंडला गेले. ते तिकडे असतानाच १३ मार्च १८६० रोजी अ‍ॅनी गेली, अकरावं वर्ष पुरं व्हायला नऊ दिवस बाकी असताना. डग्लस वॉरंटाची पर्वा न करता परत आले.

मेपलवुड पार्क सुंदर आहे, गुलाबांची बाग आहे, वरून दरीचा देखावा आहे. खाली नदीपर्यंत उतरणारी वाट उताराची आणि पावसात निसरडी, तेव्हा वयस्कर मंडळींनी वरच थांबावं. इथला डग्लसांचा एक पुतळा ५ जुलै २०२० रोजी, म्हणजे नेमक्या त्या भाषणाच्या तारखेला, कुणीतरी उखडून नदीकाठी टाकला होता. गावाने लगेच दुसरा बसवला.

सुझन बी. अँथनीचं घर मॅडिसन स्ट्रीटवर आहे आणि ते संग्रहालय म्हणून नीट जपलेलं आहे, तिकीट काढून माहितगाराबरोबर बघता येतं. सोमवारी जाऊ नका. घराजवळच्या बागेत सुझन आणि डग्लस चहा पीत बसलेले आहेत, ब्राँझमध्ये, माणसाच्या मापापेक्षा थोडे मोठे. टेबलावर किटली, दोन कप, दोन पुस्तकं. पेप्सी केटावोंग या लाओसहून आलेल्या शिल्पकाराचं २००१ मधलं काम. याच दोघांचं १८६९ मध्ये मताधिकार आधी काळ्या पुरुषांना की बायकांना यावरून जाहीर वाजलं होतं, तेही विसरू नका. आई तिसऱ्या कपाची जागा शोधत होती. फोटो काढायला सकाळचं ऊन चांगलं. निवडणुकीच्या दिवशी गावात असाल तर माउंट होपमधल्या सुझनच्या कबरीवर मतदान करून आलेल्या बायकांची रांग असते, तीही बघण्यासारखी.

छापखान्याचा नाद असलेल्यांसाठी एक आडवळण सुचवते. रॉचेस्टर इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी ही भरपूर मराठी पोरं शिकतात ती संस्था. तिच्या ग्रंथालयात कॅरी ग्राफिक आर्ट्स कलेक्शन आहे. जुने लोखंडी हातप्रेस, लाकडी आणि शिशाचे खिळे, खणांच्या केस. त्यात १८९१ चा एक अल्बियन हातप्रेस आहे, इंग्रज कलाकार विल्यम मॉरिस यांच्या केल्म्स्कॉट छापखान्यातला. शनिवार-रविवार सोडून जा, आधी ईमेल करून. तिथल्या बाईंनी बाबांचा हात बघितला आणि काही न विचारता स्टिक पुढे केली. रोमन लिपीच्या केसचे खण बाबांना पाठ नव्हते, पण ओळ घट्ट बसली आहे की नाही ते अंगठ्याने कसं बघायचं हे दोघांचं एकच निघालं. बाबांचं इंग्रजी जेमतेम, मला दुभाष्याचं काम करावं लागलं नाही.

हॅमिल्टन स्ट्रीटवर २७१ नंबरचं एक घर अजून उभं आहे, ते डग्लसांच्या मालकीचं होतं. खाजगी आहे, रस्त्यावरून बघा आणि पुढे चला.

राहायला गावाच्या मध्यापेक्षा दक्षिणेचा हेन्रिएटा भाग सोयीचा. हॉटेलं स्वस्त, भारतीय किराणा आणि खानावळी तिथेच, आणि हायवे जवळ. गावाचं खास खाणं म्हणजे ‘गार्बेज प्लेट’, बटाटे आणि मॅकरोनीच्या ढिगावर मांसाचा रस्सा. शाकाहारीही मिळते, पण ज्येष्ठांच्या पोटाला जपा. शनिवारी सकाळी पब्लिक मार्केटला गेलात तर फळं-भाज्या, पाव आणि कॉफी यांत न्याहारी उरकते. मे महिन्यात हायलंड पार्कमध्ये लायलॅकचा उत्सव असतो. फुलांसाठी तो महिना उत्तम, पण त्या शनिवार-रविवारी पुतळ्याजवळ गाडी लावायला जागा मिळणार नाही. नोव्हेंबर ते मार्च नकोच. सरोवरावरून बर्फ येतो आणि दफनभूमीतले बाण त्याखाली जातात.

न्यू जर्सीहून थेट यायचं तर साडेपाच-सहा तास धरा. त्यापेक्षा येताना ऑबर्न आणि सेनेका फॉल्स करत या. ऑबर्नला गुलामांना पळवून मोकळं करणाऱ्या हॅरिएट टबमन यांचं घर आहे. सेनेका फॉल्सला जुलै १८४८ मध्ये स्त्री-हक्कांची परिषद भरली. तिथे बायकांना मताधिकार हवा हा ठराव अडू लागला तेव्हा उठून त्याच्या बाजूने बोललेले डग्लसच. दोन्ही ठिकाणी नॅशनल पार्क सर्व्हिसची व्यवस्था आहे, स्वच्छतागृहं चांगली आहेत. आई-वडिलांना घेऊन निघणाऱ्यांना याची किंमत कळते.

आणि डग्लसांचं खरंखुरं, सामानसुमानासकट घर बघायचंच असेल तर ते वॉशिंग्टनमध्ये आहे, अनाकोस्टियातलं सीडर हिल. १८७७ मध्ये त्यांनी ते घेतलं. अ‍ॅनाबाई आणि पुढे डग्लस गेले ते याच घरात. त्यांच्या मृत्युपत्रावर साक्षीदार पुरेसे नव्हते, त्यामुळे घर हेलनच्या नावे होईना. तिने कर्ज काढून मुलांचे हिस्से विकत घेतले आणि घर स्मारक व्हावं म्हणून मरेपर्यंत, १९०३ पर्यंत, धडपड केली. ती नसती तर हेही घर राहिलं नसतं. आत फक्त माहितगाराबरोबर सोडतात, जागा थोड्या असतात, म्हणून ऑनलाइन आरक्षण करून जा. शुल्क अगदी नाममात्र आहे. घर टेकडीवर आहे, पायऱ्या बऱ्याच. चढवत नसेल तर रेंजरला विचारा, पायऱ्या टाळून जाणारी वाट ते दाखवतात. मागच्या अंगणात दगडी, बिनखिडकीची एक खोली आहे, मूळ खोलीसारखी पुन्हा बांधलेली. मूळ खोलीत डग्लस एकटे बसून लिहायचे. ती चुकवू नका.